हस्तकला-आधारित डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम: एक सविस्तर परीक्षण

हस्तकलेवर आधारित डिझाइन आणि प्रत्यक्ष घडणकाम या विषयातला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मी अलीकडेच पूर्ण केला. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. माझे माध्यम माती होते. बरोबरचे विद्यार्थी लाकूड, धातू आणि विणकाम या माध्यमांतले होते. पदवीनंतर पुन्हा शिकायला जावे की थेट कामाला लागावे, या विचारात असलेल्यांसाठी माझे मत आधीच सांगून ठेवते: कार्यशाळेत जे शिकायला मिळते त्यासाठी हा अभ्यासक्रम जरूर करावा; लेखी प्रबंधाची आणि गुणांची व्यवस्था मात्र बदलायलाच हवी.

पदवीला असताना तंत्र शिकवले जाते आणि विषय शिक्षक देतात. इथे विषय स्वतःच शोधून आणावा लागतो, आणि तो हाताने तपासता येईल असा असावा लागतो. ‘मला निसर्गातून प्रेरणा घ्यायची आहे’ अशा प्रस्तावाला पहिल्याच बैठकीत परत पाठवतात. माझा प्रस्ताव लोहाच्या ऑक्साइडबद्दल होता. ऑक्सिजन कमी ठेवलेल्या भट्टीत झिलईमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, हे ऑक्साइड एक-दोन टक्के असेल तर सेलाडॉन या झिलईचा हिरवट रंग उतरतो, आणि तेच आठ-दहा टक्क्यांवर गेले की तेनमोकू या झिलईचा काळपट तपकिरी रंग मिळतो. ही दोन टोके पुस्तकात सापडतात. मधल्या छटा आपली माती, आपली भट्टी आणि आपला हात यांवर ठरतात, त्यामुळे त्या स्वतः भाजून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. चाचणीच्या प्रत्येक फरशीवर, म्हणजे मातीच्या छोट्या तुकड्यावर, क्रमांक कोरायचा, झिलईतील घटकांचे वजन लिहायचे, भट्टीत ती कोणत्या फळीवर होती आणि शेजारचा शंकू (उष्णतेने वाकणारा, भाजणी मोजायचा छोटा सुळका) कितपत वाकला हेही नोंदवायचे, अशी शिस्त होती. सुरुवातीला ही कारकुनी वाटते. पण शंकू नुसते तापमान दाखवत नाही, तर उष्णतेचा वेळेसह झालेला एकूण परिणाम दाखवतो, हे एकदा लक्षात आले की त्या नोंदीचे मोल कळते.

या अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बिघडलेल्या वस्तूंचे वाचन. तडकलेले भांडे तिथे कोणी टाकून देत नाही; ते टेबलावर मांडले जाते आणि सगळ्यांनी मिळून त्याची तपासणी होते. कार्यशाळेतल्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी आम्हाला सर्वांत आधी तड्याची कड बोटाने चाचपायला सांगितले. झिलईची कड धारदार लागली तर भांडे थंड होताना फुटले. कड वितळून गोलसर झाली असेल तर झिलई वितळण्यापूर्वीच तडा पडलेला होता. एका सहाध्यायीच्या रुंद थाळीची कड अशीच धारदार निघाली. थाळीचा तळ जाड आणि काठ पातळ होता. सुमारे ५७३ अंश सेल्सियसला मातीतल्या क्वार्ट्झची स्फटिकरचना बदलते आणि त्याबरोबर त्याचे आकारमानही एकदम बदलते. काठ हा टप्पा ओलांडून आक्रसला तेव्हा तळ अजून तापलेलाच होता, आणि त्या ओढाताणीत थाळी चिरली. भट्टी अधिक सावकाश थंड करणे हा एक उपाय होता. तिने पुढच्या थाळीचा छेद नव्याने रेखाटला, तळाची जाडी काठाशी जुळवून घेतली आणि खाली टेकायला गोल कडे दिले, ज्यामुळे थाळी दिसायलाही हलकी झाली. आकाराचा निर्णय मातीच्या स्वभावातून कसा निघतो, हे त्या एका थाळीने आम्हाला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही व्याख्यानाने शिकवले नाही.

शिकवणार कोण, हा प्रश्न या क्षेत्रात जुना आहे. वास्तुकार वाल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये जर्मनीतल्या वाइमार इथे बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू केली, तेव्हा तिथल्या कार्यशाळांना दोन प्रमुख असत: एक रूपाचा आणि एक कारागिरीचा. डॉर्नबुर्गच्या कुंभारकामाच्या कार्यशाळेत शिल्पकार गेरहार्ड मार्क्स आणि परंपरेने कुंभार असलेले माक्स क्रेहान यांनी ही जबाबदारी वाटून घेतली होती. पुढे शाळा डेसाउ शहरात हलल्यावर दोन्ही बाजू शिकून तयार झालेले मार्सेल ब्रॉयर आणि गुंटा श्टोल्झल यांच्यासारखे जुने विद्यार्थीच शिक्षक झाले. मातीची कार्यशाळा मात्र डेसाउला गेली नाही, याची मला अजूनही हळहळ वाटते. आमच्याकडेही डिझाइनचे प्राध्यापक आणि कार्यशाळेचे तंत्रज्ञ अशी दुहेरी रचना होती, आणि कामाच्या जाहीर चर्चेला दोघेही बसत, ही गोष्ट मनापासून वाखाणण्याजोगी आहे. पण गुण देताना तंत्रज्ञांचे मत विचारले जात नसे. विद्यार्थ्याच्या हाताची वाढ ज्यांनी रोज पाहिली त्यांनाच मूल्यमापनातून वगळणे हा अन्याय आहे, आणि त्यामुळे निकालही अपुऱ्या माहितीवर लागतो.

लेखी प्रबंधाबद्दलची माझी तक्रार याहून गंभीर आहे. प्रबंधाचे मार्गदर्शक वेगळ्या विभागाचे होते, आणि त्यांना आमच्या चाचण्यांच्या फरशा पाहण्याची गरज वाटत नव्हती. परिणामी नोंदवहीत साठलेले खरे संशोधन परिशिष्टात गेले आणि मुख्य भाग इतरांच्या सिद्धांतांच्या आढाव्याने भरला. त्यात वेळापत्रकाची भर पडली. मातीची वस्तू पूर्ण वाळावी लागते, मग सुमारे हजार अंशांवर पहिली भाजणी, मग झिलई, मग दुसरी भाजणी. शेवटची भाजणी आणि भट्टी निवणे यांतच दोन दिवस सहज जातात. विणकाम करणाऱ्यांचेही तेच: मागावर ताणा (उभे धागे) लावून होईपर्यंत प्रत्यक्ष विणायला सुरुवातच होत नाही. असे असताना प्रबंध जमा करण्याच्या आठवड्यांतच कार्यशाळेचे तास कमी करणे कोणत्याही अर्थाने समर्थनीय नाही.

यंत्रसामग्री उत्तम होती. मातीची त्रिमितीय छपाईसुद्धा शिकता आली. व्यवसायाचा भाग तुटपुंजा होता. वस्तूची किंमत काढताना भट्टीत वाया गेलेल्या नगांचा खर्च कुठे धरायचा, एवढे मूलभूत गणितही तिथे कोणी मांडून दाखवले नाही.

ज्यांचा एखाद्या माध्यमावर हात बसलेला आहे आणि ज्यांना त्यात काही शोधायचे आहे, त्यांना हा अभ्यासक्रम भरपूर देतो. अगदी नवख्या माणसाची मात्र इथे ओढाताण होईल, कारण प्राथमिक तंत्र शिकवायला कोणाजवळ वेळ नसतो; त्याने आधी एखाद्या कारागिराकडे उमेदवारी करावी. प्रवेशापूर्वी कार्यशाळा सत्राच्या ऐन गर्दीत पाहून यावी. भट्टीसाठी किती दिवस आधी नाव नोंदवावे लागते, संध्याकाळी दार किती वाजता बंद होते आणि प्रबंधात स्वतःच्या चाचण्या मुख्य प्रकरण म्हणून मांडता येतात का, हे प्राध्यापकांबरोबरच दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही विचारावे.