मालडी की डीएलएस?
गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये हा वाद ठरलेला: रिकॉम्बिनंट (जनुकीय तंत्राने बनवलेलं) इन्सुलिन मालडीला, म्हणजे रेणूचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला पाठवायचं, की डीएलएसवर, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कण केवढे आहेत ते सांगणाऱ्या यंत्रावर बघायचं? लेसर दोन्हीकडे, प्रश्न वेगळे.

मालडीत नमुना लेसरची ऊर्जा शोषणाऱ्या सिनापिनिक अॅसिडमध्ये मिसळून स्टीलच्या प्लेटवर थेंबभर वाळवायचा. ३३७ नॅनोमीटरच्या नायट्रोजन लेसरचा झटका बसला की रेणू उडतो आणि वस्तुमान कळतं. इन्सुलिनचं सुमारे ५८०८ डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) यायला हवं. मीठ नीट काढलं नाही, तर सोडियम चिकटून आलेखावर २२ डाल्टन पुढे दुसरं शिखर उभं. ओळख पटवायला मात्र हेच खरं.

गुठळ्या झाल्यात का, एवढंच बघायचं असेल तर मी डीएलएसच घेईन. काही मिनिटांचं काम, शिवाय नमुना परत मिळतो. फक्त धूळ सांभाळा: विखुरलेला प्रकाश कणाच्या त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणून धुळीचे थोडे मोठे कणही नमुन्याला झाकून टाकतात. नाशकातल्या मे महिन्यात खिडकी उघडी राहिली, की झालंच!