चित्रकला शिकून नाशिकमध्येच राहायचं असेल तर: शाळा, डिझाइन की स्वतःची चित्रं?

नाशिकमध्ये राहून चित्रकलेवर घर चालतं का? चालतं. मात्र पैसे वर्षाच्या कुठल्या महिन्यात हातात येतात आणि स्वतःच्या चित्रासाठी कुठला महिना उरतो, हे प्रत्येक वाटेवर वेगळं असतं. घरात चर्चा होते ती 'पगार किती' याची. माझं म्हणणं, पगाराबरोबर कॅलेंडरही समोर ठेवा. मोठी गफलत तिथेच होते.

शाळेतली नोकरी

आई-वडिलांची पहिली पसंती हीच. दोन वर्षांचं एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) करायचं आणि चित्रकलेचे सर किंवा मॅडम व्हायचं. अनुदानित शाळेत जागा मिळाली तर आजही यासारखं सुख नाही. पण 'मिळाली तर' हे शब्द मोठे आहेत. पद आधी संचमान्यतेत, म्हणजे सरकारने शाळेला मंजूर केलेल्या पदांत, असावं लागतं, आणि त्यासाठी शाळेची पटसंख्या टिकावी लागते. पुढे अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ. एवढं करून लागलात तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३पासून त्याचं मानधन प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये आहे. त्याआधी ते ६,००० आणि ८,००० होतं. तीन वर्षांनंतर मात्र वेतनश्रेणी लागते आणि घरचे निश्चिंत होतात.

विनाअनुदानित इंग्रजी शाळा गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडे भरपूर आहेत. तिथे नोकरी लवकर लागते आणि पगार संस्थाचालक ठरवतील तो. रुजू होण्याआधी एक प्रश्न न लाजता विचारा: मे महिन्याचा पगार मिळतो का?

प्रत्यक्ष काम काय असतं, हेही पाहा. चित्रकलेचा तास गणिताच्या सरांनी पोर्शन संपवायला मागून घेणं हा नियमच आहे. गॅदरिंगचा पडदा, स्पर्धांची सर्टिफिकेटं, पंधरा ऑगस्टची रांगोळी आणि रोजचं फलकलेखन या सगळ्यावर तुमचं नाव आधीच लिहिलेलं असतं. मुलं आवडत नसतील तर या वाटेला जाऊ नका. पाच वर्षांत माणूस कडू होतो, आणि मुलांना ते आधी कळतं.

बदल्यात दिवाळीची सुट्टी आणि मे महिना तुमचा. शिवाय एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचे क्लास आहेत. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, त्यामुळे एरवी चित्रकलेला टाइमपास म्हणणारे पालकही क्लासची फी वेळेवर भरतात. स्थिरचित्र आणि स्मरणचित्र मनापासून शिकवणाऱ्याकडे गर्दी आपोआप होते. कायम नोकरीवर असाल तर खाजगी शिकवणीबद्दलचे नियम आधी वाचून घ्या.

डिझाइन आणि छपाई

या वाटेबद्दल नाशिकमधली मुलं सगळ्यात कमी बोलतात, आणि माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त काम आहे. लोकांना डिझाइन म्हटलं की पुण्या-मुंबईतली आयटी कंपनी आठवते. अ‍ॅपच्या स्क्रीन किंवा अ‍ॅनिमेशन करायचं असेल तर पुणे गाठावं लागतं, हे खरंच आहे. पण या जिल्ह्याला सतत काही ना काही छापून लागतं: द्राक्षांचे खोके, वाइनची लेबलं, चिवडा-मसाल्याची पाकिटं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे कॅटलॉग, बिल्डरांची ब्रोशरं, क्लासवाल्यांची होर्डिंगं.

एक खोकाच घ्या. निर्यातीच्या द्राक्षांच्या बॉक्सवर कॉलेजमधून नुकता आलेला मुलगा सुंदर घड काढतो, त्यावर हिरव्यापासून जांभळ्यापर्यंत छटा देतो, खाली नाजूक अक्षरात नाव टाकतो. स्क्रीनवर मालक खूश. साध्या कोरुगेटेड बॉक्सवर रबरासारख्या मऊ प्लेटने, दोन किंवा तीन रंगांत छपाई होते. छटा डागासारखी उतरते, बारीक अक्षरांची पोटं शाईने भरतात, आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंगाची जुळणी, जरा सुटलं की घडाला पांढरी कड दिसते. शिवाय हवेसाठी पाडलेलं भोक नेमकं नावावर येतं, कारण डायची, म्हणजे खोका कापायच्या साच्याची, रेघ कुणी बघितलेलीच नसते. ज्याला सपाट दोन रंगांत घड उभा करता येतो आणि डाय वाचता येते, त्याला प्रेसवाला सहजासहजी सोडत नाही. हे कॉलेजात क्वचितच शिकवतात; मशीनजवळ उभं राहिलं की महिन्याभरात कळतं.

येवल्याच्या पैठणीचंही असंच. मोर, मुनिया, असावली ही नक्षी आलेखाच्या कागदावर चौकटी भरत बसवावी लागते. चौकट धाग्यांच्या हिशोबाने चालते. मोराच्या मानेची गोलाई पायऱ्यापायऱ्यांनी येणार हे गृहीत धरूनच रेघ काढायची. काम मोजकं आहे आणि ओळखीने मिळतं, पण नवीन नक्षी मागणारे विणकर आणि दुकानदार आहेत.

नाशिकरोडचा प्रतिभूती मुद्रणालयाचा कारखाना १९२५चा, नोटांचा १९२८चा. ते चालवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या भरतीत चित्रकलेच्या पदवीधरांसाठी मधूनच एखादं पद निघतं. जाहिरातीवर नजर असू द्या, पण त्या एका जागेवर आयुष्य बेतू नका.

या वाटेचं कॅलेंडर मात्र निर्दयी आहे. गणपतीपासून दिवाळीपर्यंत जाहिरातींची झुंबड, आणि ती ओसरते न ओसरते तोच जानेवारीपासून द्राक्षांचा हंगाम. म्हणजे गोदाघाटावर सकाळचं धुकं, कोवळं ऊन असं चित्राला हवं ते सगळं असतं तेव्हा तुम्ही 'सर, लोगो थोडा मोठा करा' हे ऐकत कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरसमोर बसलेले असता. मोकळा वेळ मिळतो तो भर मे-जूनमध्ये.

स्वतंत्र काम करणार असाल तर निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय फाइल उघडू नका, आणि उरलेले आल्याशिवाय ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, देऊ नका. कॉपीराइटचा १९५७चा कायदा एकदा वाचाच. नोकरीत कामाचा भाग म्हणून केलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. पैसे घेऊन कुणासाठी काढलेल्या पेंटिंगचा किंवा पोर्ट्रेटचा हक्कही, वेगळं ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. हक्क लिहून द्यायचे तर ते लेखीच लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षंच धरतो. मसाल्याच्या पाकिटावरचं चित्र पुढे टेम्पोवर, टी-शर्टवर, सगळीकडे जातं; ते आधीच बोलून घेतलेलं बरं.

एआयने साधी बॅनरं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, देवादिकांची चित्रं यांचा भाव पाडलाय, यात वाद नाही. फक्त तेवढंच येणाऱ्याने ही वाट धरू नये. प्लेट, डाय, शाई समजणाऱ्याचं काम अजून तरी शाबूत आहे.

फक्त स्वतःची चित्रं

या शहरात जलरंगाची परंपरा मोठी आहे. रामकुंड, नारोशंकराचं मंदिर, सुंदरनारायण, पेठेतले वाडे यांची इतकी चित्रं झालीत की घाटाचं आणखी एक चित्र विकायचं तर ते फारच चांगलं असावं लागतं. निव्वळ चित्रांवर जगणारे आहेत, पण नीट चौकशी केलीत तर बहुतेकांच्या मागे क्लास, नोकरी किंवा नोकरी करणारा जोडीदार सापडतो. त्यात कमीपणा काही नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, त्यांनी फोटोचा स्टुडिओ काढून पाहिला, छापखाना चालवला आणि मग १९१३मध्ये पहिला चित्रपट पडद्यावर आणला.

इथला खर्च आधी होतो. कागद, रंग, फ्रेम, काच, कॅटलॉग, आणि मुंबईत प्रदर्शन असेल तर चित्रांचा टेम्पो. मुंबईच्या जहांगीर कलादालनासाठी अर्ज केला की वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून अर्ज आजच करा आणि विसरून जा. खाजगी गॅलरी भाडं घेत नसेल तर विक्रीतला मोठा वाटा घेते. तोवर कुसुमाग्रज स्मारकासारख्या ठिकाणी गावातलं प्रदर्शन, कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटी यांत चित्रं पाठवत राहायचं. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येतं, ही आपली मोठी सोय. मुंबईतलं घरभाडं न भरता मुंबईतली प्रदर्शनं बघता येतात.

२०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे. भिंती रंगवण्याची, शिल्पांची, सजावटीची कामं निघतील तेव्हा ती ठेकेदारामार्फत येतील आणि चित्रकार शेवटच्या टोकाला असेल. काम घ्या, पण चौरस फुटाचा दर, रंग कुणाचा, परांची कुणाची आणि बिल कधी, हे कागदावर घेऊन.

मग कुणी काय निवडावं

मुलांत रमत असाल आणि दोन-तीन वर्षं भरतीची वाट बघायची घरची तयारी असेल तर एटीडी. वाट बघायची ताकद नसेल तर नको. बारावीनंतर चार वर्षं देता येणार असतील तर एटीडीपेक्षा बीएफए, म्हणजे कलेची पदवी, करा. तिथून डिझाइनकडेही जाता येतं आणि चित्रांकडेही. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. वस्तुचित्रण, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान, म्हणजे इंटरमिजिएटची तयारी नीट झालेल्याला निम्मं ओळखीचं.

हातात पदवी असेल आणि पैसे लवकर हवे असतील तर पहिली काही वर्षं प्रेस किंवा पॅकेजिंगमध्ये पगारावर काढा. मी तरी हेच सांगेन. स्वतंत्र काम त्यानंतर, गिऱ्हाईक ओळखू येऊ लागलं की. चित्र सुटू नये म्हणून रविवारची सकाळ कुणालाही विकू नका, जानेवारीतसुद्धा. पूर्णवेळ चित्रकार व्हायचं तर वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवून मगच राजीनामा द्या.

आणि मुलाखतीला जाताना एकच पोर्टफोलिओ सगळीकडे नेऊ नका. शाळेत मुलांकडून करून घेतलेलं काम दाखवा, न्यूड स्टडी घरी ठेवा. प्रेसमध्ये पन्नास लँडस्केप कुणी बघत नाही. दोन रंगांत केलेला एक खोका, त्याची डाय आणि छापून आलेला खरा नमुना न्या. तसा नमुना नसेल तर ओळखीच्या एखाद्या बागायतदाराचा जुना बॉक्स मागा आणि तोच नव्याने करून दाखवा.