दांडिया बाजारातील मोटार प्रशिक्षण वर्ग, वडोदरा : एक अनुभव

अपघातानंतर नऊ वर्षे मी गाडीला हात लावला नव्हता; भीतीचा प्रसंग टाळला की तेवढ्यापुरते हायसे वाटते, पण भीती मात्र अधिक घट्ट होते, हे मला या वर्गात उमगले. शिक्षिकाबाईंनी पहिले दोन दिवस मला बंद गाडीत नुसते बसवले, नंतर पहाटे सुरसागरच्या काठाने आणि शेवटी ऐन संध्याकाळी मांडवीच्या वाटेवरील गर्दीत नेले. त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, परंतु माझे हात थरथरत असतानाही त्यांनी तो दाबला नाही. "ताई, श्वास सावकाश सोडा," एवढेच म्हणाल्या. तो विश्वास मला फार मोलाचा वाटतो. शुल्क थोडे जास्त आहे. गेल्या रविवारी आईला मी स्वतः सयाजीबागेत घेऊन गेले.