नऊ हजार फाइली आणि सहा आठवड्यांचा आराखडा

भोसरी एमआयडीसीत आमची टूलरूम आहे. ॲल्युमिनियम प्रेशर डाय कास्टिंगचे डाय, म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाने भरायचे साचे, बनवतो. डिझाइन विभाग गेली १९ वर्षं मी बघते. त्यातली बरीचशी वर्षं सगळं काम प्रो-इंजिनिअर या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर झालं, ज्याला आता क्रिओ म्हणतात. मग चाकणच्या एका ग्राहकाने एनएक्स या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमधलीच मॉडेल मागायला सुरुवात केली आणि आम्हीही एनएक्स घेतलं. जुनी मॉडेल नव्यात कशी, किती आणि कोणत्या क्रमाने न्यायची याचा आराखडा आम्ही चिंचवडच्या दोघांकडून करून घेतला, त्या सेवेबद्दल हे लिहिते आहे. एक मॅडम आणि त्यांचे जुने सहकारी सर, एवढीच त्यांची कंपनी. वर्षभराचं काम हातात असल्यामुळे नाव देऊ नका असं त्यांनीच सांगितलं, म्हणून देत नाही.

त्यांना बोलवायच्या आधी आम्ही जे केलं ते सांगायला हवं. एनएक्स आलं त्याच महिन्यात आम्ही ठरवलं की सगळ्या फाइली स्टेपमध्ये (सॉफ्टवेअरांमधल्या देवाणघेवाणीचा फाइल-प्रकार) काढायच्या आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायच्या. फाइली उघडल्या, पडद्यावर छान दिसल्या, आम्ही खूश झालो. तीन महिन्यांनी एका गिअरबॉक्स हाउसिंगच्या डायला नवा कोअर इन्सर्ट (कास्टिंगला आतला आकार देणारा सुटा भाग) करायचा होता. मॉडेल घेतलं तर ते घन नव्हतं, सुटी पृष्ठं होती, मध्ये फटी. आमच्या एका मुलाने जोडणीची टॉलरन्स (किती फरक चालेल ती मर्यादा) वाढवून पृष्ठं शिवली, उरलेल्या फटी हाताने भरल्या, घन तयार झालं. त्यावरून इलेक्ट्रोड केला, इन्सर्ट स्पार्क केला (विजेच्या ठिणग्यांनी कोरला), ट्रायलला पाठवला. कास्टिंगच्या एका रिबच्या मुळाशी बारीक तडा यायला लागला. आमचे बेंचवरचे काका, ३० वर्षं डाय घासलेला माणूस, त्यांनी रिबच्या मुळावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "मॅडम, इथं पॉइंट सहाचा रेडियस होता. गेला तो." रेडियस म्हणजे कोपऱ्याची गोलाई, ०.६ मिलिमीटरची. जुनं मॉडेल उघडून बघितलं. होता. इन्सर्ट परत मशीनवर चढला, पाच दिवस गेले, आणि ग्राहकाला तोंड द्यायला मी गेले.

असं का झालं हे सरांनी पहिल्याच भेटीत समजावलं. प्रो-इंजिनिअरमध्ये अचूकता मूळ सेटिंगमध्ये सापेक्ष असते, ०.००१२. म्हणजे वस्तू जितकी मोठी तितकी बारीक कडांची गय जास्त. ९०० मिलिमीटरच्या ठोकळ्यात ही सूट मिलिमीटरभर होते. एनएक्स पॅरासॉलिड नावाच्या ज्या भूमितीच्या इंजिनवर चालतं ते एक मीटरच्या दहा कोटीव्या भागापर्यंत, म्हणजे ०.००००१ मिलिमीटरपर्यंत हिशोब धरतं. एकाला जी कड जुळलेली वाटते ती दुसऱ्याला उघडी दिसते. यात कुठल्याच सॉफ्टवेअरचा दोष नाही. मोठ्या डायसाठी अचूकता निरपेक्ष, म्हणजे आकारावर अवलंबून नसलेली ठरावीक, करून ठेवायला हवी होती, ते आम्ही इतक्या वर्षांत केलं नाही.

अभ्यासाचे सहा आठवडे, फी एक लाख साठ हजार, वर १८ टक्के जीएसटी. पहिले दोन आठवडे त्यांनी एकही फाइल रूपांतरित केली नाही, नुसती मोजणी केली. आमच्या साहेबांना ते रुचलं नव्हतं, खरं तर मलाही. पण त्या मोजणीतून जे निघालं ते बघून मी गप्प झाले. सर्व्हरवर ९,२०० फाइली. प्रो-इंजिनिअर प्रत्येक वेळी सेव्ह केलं की नवी फाइल करतं, नावाच्या शेवटी आकडा वाढत जातो. आमच्या एका कॅव्हिटीच्या (डायमधल्या पोकळीच्या भागाच्या) अशा ३७ आवृत्त्या पडून होत्या. त्यात एनएक्सच्या फाइलींच्या नावाचं शेपूटही तेच, पीआरटी, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये दोन्ही मिसळलेल्या. बोल्ट, इजेक्टर पिन, गाइड बुश यांची मॉडेल तर शेकड्यांनी. ती न्यायचीच नाहीत, नव्या लायब्ररीतून घ्यायची, हे एका वाक्यात मिटलं. गाळून गाळून कामाच्या १,१५० उरल्या.

मग बैठक झाली. साहेबांचं म्हणणं, सगळं तीन महिन्यांत उरका. मॅडमनी शांतपणे विचारलं, "साहेब, यातल्या किती डायना पुढच्या दोन वर्षांत हात लागणार आहे?" साहेब बोटं मोजत बसले. ग्राहकाचं नाव, डायचा नंबर, त्यातून किती शॉट (ओतण्या) झाले, सगळं त्यांना तोंडपाठ. साठच्या आसपास आकडा आला. संपूर्ण आराखडा त्या साठावर उभा आहे, आणि माझ्या मते फी तिथेच वसूल झाली.

त्या साठ डायचे मुख्य भाग, १४० मॉडेल, एनएक्समध्ये नव्याने बांधायचे. कारण स्टेपमधून आकार येतो, पण तो कसा घडवला याचा इतिहास येत नाही. ड्राफ्ट (कास्टिंग सुटावं म्हणून भिंतीला दिलेला उतार) अर्ध्या अंशाने बदलायचा तर बदलायला काही हाती लागत नाही. आमची फॅमिली टेबलं (एका मॉडेलवरून अनेक मापांचे भाग काढणारे तक्ते) तर अशी फाइल काढली की मुकीच होतात. बाकीची मॉडेल नुसती घन म्हणून आणायची, तीही त्या डायचं काम आल्यावर. आणि ज्यांचे ग्राहकच उरले नाहीत त्यांची स्टेप एपी २४२ फाइल आणि पीडीएफ करून कपाटात ठेवायची. एपी २४२ हे २०१४ चं प्रमाण, आधीची २०३ आणि २१४ एकत्र करून केलेलं. त्यात टॉलरन्सची माहितीसुद्धा मॉडेलबरोबर जाऊ शकते. जुन्या सॉफ्टवेअरचं एक लायसन्स आणि एक संगणक दोन वर्षं चालू ठेवायचा, हेही त्यांनी खर्चात धरलं होतं. आम्ही ते विसरलो असतो.

तपासणीचा भाग मला सगळ्यात आवडला. आम्हाला वाटायचं, दोन्हीकडचं घनफळ जुळलं की झालं. सरांनी आमचाच कोअर घेऊन कागदावर हिशोब मांडला. ४० मिलिमीटर लांबीच्या कडेवरचा ०.६ चा रेडियस गेला तर फरक सुमारे ३ घन मिलिमीटर, आणि कोअरचं घनफळ १२ लाख. टक्केवारीत तो दिसणारच नाही. पण जुन्या मॉडेलच्या पृष्ठांवर हजारो बिंदू टाकून ते नव्यापासून किती लांब आहेत हे मोजलं, तर त्याच कोपऱ्यात पाव मिलिमीटरचा फरक लगेच लाल होतो. म्हणून घनफळ, पृष्ठफळ, गुरुत्वमध्य, आणि त्यानंतर बिंदू, अशा चारही चाचण्या झाल्याशिवाय मॉडेल मशीनकडे जात नाही. काकांना तो लाल ठिपका दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा सारखा करून बराच वेळ बघितला.

नमुन्याला त्यांनी सर्वांत अवघड २५ मॉडेल निवडली, तेही मला पटलं. सोपी घेतली असती तर सगळी पास झाली असती आणि आम्ही पुन्हा फसलो असतो. पहिल्या फेरीत ११ नापास झाली. जवळपास सगळ्यांचं कारण तेच, अचूकतेचं. जुन्या सॉफ्टवेअरमध्येच अचूकता निरपेक्ष करून मॉडेल रीजनरेट केल्यावर (पुन्हा घडवल्यावर) त्यातली ८ सरळ आली.

कमी काय पडलं तेही लिहिते. ड्रॉइंगकडे त्यांनी फार कमी लक्ष दिलं. आराखड्यात "ड्रॉइंग स्वतंत्रपणे हाताळावीत" एवढी एकच ओळ. आमच्या शॉपमध्ये आजही माणूस कागद बघून काम करतो, आणि मॉडेल बदललं की ड्रॉइंगवरची मापं तुटतात. हे काम आम्हाला रविवारी बसून करावं लागलं. दुसरं, सहा डिझायनरांच्या प्रशिक्षणाला त्यांनी चार दिवस धरले होते. प्रत्यक्षात हात बसायला दोन महिने लागले, आणि त्या काळात एका चालू डायची तारीख पुढे गेली. मी हे दोन्ही त्यांना तोंडावर सांगितलं. मॅडमनी वहीत लिहून घेतलं, सबबी सांगितल्या नाहीत.

आज १४० पैकी ८६ मॉडेल बांधून, तपासून झाली आहेत. दिवाळीनंतर पुढचा टप्पा सुरू होतोय, त्यालाही त्यांनाच बोलावलं आहे. या वेळी ड्रॉइंगचं काम करारात पहिल्या कलमात आहे.