व्हीसीआय पिशवी, प्लायवूडची पेटी आणि शोषक पट्ट्या: 11 महिन्यांच्या वापरानंतर

हा अनुभव समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाच्या पॅकिंगचा आहे. आत 100 मायक्रॉनची व्हीसीआय पिशवी (गंज रोखणारी वाफ सोडणारी प्लास्टिकची पिशवी), बाहेर 12 मिमी प्लायवूडची पेटी, पेटीखाली पाइनची स्किड, म्हणजे लाकडी बैठक, आणि कंटेनरच्या भिंतीला ओल ओढणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या शोषक पट्ट्या. माल म्हणजे ग्राइंडिंग झालेले पोलादी शाफ्ट आणि गिअर. वाळूज एमआयडीसीतून ट्रेलरने न्हावा शेवा, तिथून जहाजाने हॅम्बुर्ग. तिन्ही ऋतू यात येऊन गेले.

निकाल आधीच सांगतो. पिशवी चांगली, पेटी उत्तम, पट्ट्या उपयोगी. पण गंज थांबवण्यात या तिन्हींपेक्षा मोठा वाटा लाकूड कोरडं असण्याचा आहे, आणि खरेदीच्या यादीत नेमकं त्याकडेच कुणी बघत नाही.

आपल्याकडच्या हवेनं एक गैरसमज पोसला आहे. एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की तेल पुसून काढलेला भाग रॅकवर उघडा राहिला तरी आठवडाभर चकचकीत दिसतो. त्यामुळे पॅकिंगला 'धूळ बसू नये म्हणून' इतकाच अर्थ उरतो. तोच भाग बंदरावरच्या दमट हवेत चार दिवस थांबतो आणि पुढे महिनाभर समुद्रावर असतो, तेव्हा हिशोब पूर्ण बदलतो.

हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. 20 फुटी कंटेनरची पोकळी साधारण 33 घनमीटर. 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता 80 टक्के धरली तर सगळ्या कंटेनरच्या हवेत मिळून 800 ग्रॅमच्या आसपास पाणी झालं. आता लाकूड घ्या. स्किड, अडण्या, टेकू मिळून 400 किलो लाकूड सहज आत जातं. त्यात 22 टक्के ओल असली आणि प्रवासात ती 15 टक्क्यांवर आली, तर सुमारे 23 लिटर पाणी सुटतं. हवेतलं पाणी लिटरभरही नाही, लाकडातलं दीड बादली. दिवसा ऊन पत्र्यावर पडलं की ही ओल वाफ होऊन वर येते, रात्री छत गार पडलं की थेंब होऊन पेट्यांवर ठिबकते. युरोपच्या थंड पाण्यात शिरताना हे सगळ्यांत जास्त होतं.

इथेच शिक्क्याचा घोटाळा आहे. लाकडावर आयपीपीसीचं (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार) कणसाचं चिन्ह, आयएन (भारत) आणि एचटी (उष्णता प्रक्रिया) अशी अक्षरं असली की बरेच जण 'लाकूड भट्टीतून निघालंय, म्हणजे कोरडं' असं धरून चालतात. आयएसपीएम 15 या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमातली उष्णता प्रक्रिया म्हणजे लाकडाच्या गाभ्यात 56 अंश तापमान सलग 30 मिनिटं. त्यात किडे आणि अळ्या मरतात, ओल जात नाही. शिक्का असलेलं लाकूडही ओलंचिंब असू शकतं. म्हणून दोन टोकांचं ओल मोजणारं मीटर हवंच. वरवर टेकवून आकडा घेऊ नका. टोकं लाकडात रुतवा, एका लॉटमधले चार-पाच नग तपासा, आणि ताज्या कापलेल्या टोकाजवळही बघा. आमची मर्यादा 18 टक्के. 20 च्या वर गेलेला नग परत. उन्हाळ्यात दोन थरांमध्ये इंचभर पट्ट्या घालून लाकूड शेडखाली रचलं तर आपलीच हवा ते वाळवून देते. पावसाळ्यात तसं होत नाही, म्हणून जुलै-ऑगस्टच्या स्किड मे महिन्यातच घेऊन छताखाली, जमिनीपासून वर ठेवलेल्या बऱ्या.

प्लायवूडला आयएसपीएम 15 लागू नाही, 6 मिमी किंवा त्याहून पातळ लाकडालाही नाही. पण प्लायच्या पेटीखालची सॉलिड लाकडाची स्किड आणि कंटेनरात माल अडवायला ठोकलेली प्रत्येक अडणी नियमात येते. चूक होते ती शेवटच्या अर्ध्या तासात. एक पेटी हलते, कुणीतरी वखारीतला बाभळीचा किंवा आंब्याचा तुकडा आणून पाचर ठोकतो. एका साध्या पाचरीपायी पलीकडच्या बंदरात अख्खा कंटेनर अडकू शकतो. म्हणून शिक्का मारलेल्या लाकडाच्या पाचरी आधीच कापून एका क्रेटमध्ये ठेवा आणि स्टफिंगच्या (कंटेनर भरण्याच्या) जागी दुसरं लाकूड येऊच देऊ नका. शिक्का समोरासमोरच्या दोन बाजूंवर असावा, हातानं काढलेला नसावा. लाल किंवा नारिंगी शाई टाळा, ते रंग धोकादायक मालाच्या लेबलचे आहेत.

आता पिशवी. व्हीसीआयची वाफ धातूवर पातळ थर धरते आणि गंज रोखते, हे खरं. पण तिच्या अटी आहेत. वाफेचा पल्ला साधारण 30 सेंटीमीटरच धरावा. मोठ्या पेटीत मधोमध असलेल्या भागापर्यंत ती पोचत नाही, तिथे थरांमध्ये व्हीसीआय कागद घालावाच लागतो. साध्या पुठ्ठ्याचे विभाजक घातले की जिथे पुठ्ठा टेकतो तिथेच गंज धरतो, आणि कधी कधी पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या रेघा जशाच्या तशा भागावर उमटतात. पुठ्ठा ओल धरून ठेवतो, बऱ्याचदा आम्लधर्मीही असतो.

भाग पिशवीत जाण्याआधीच बहुतेक चुका होऊन गेलेल्या असतात. कूलंटचे (यंत्रावर भाग गार ठेवणाऱ्या पाणीमिश्रित द्रवाचे) अंश राहिले, विशेषतः पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर, पिशवी काही करू शकत नाही. मराठवाड्यात बोअरचं पाणी सरसकट वापरलं जातं, म्हणून शेवटच्या धुण्याला तरी डीएम (क्षार काढलेलं) पाणी हवं. वॉशिंग मशिनमधून निघालेला गरम भाग लगेच पिशवीत बांधला तर गार होताना आतच घाम सुटतो. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा. हातमोजे नायट्राइलचे घाला. सुती मोजे घाम आरपार सोडतात, आणि बोटांचे ठसे दोन-तीन आठवड्यांनी तांबड्या रंगात दिसतात. पिशवीचं तोंड पिळून बांधणं पुरेसं नाही, हीट सील किंवा निदान दोनदा दुमडून टेप. फक्त लोखंडासाठी असलेली व्हीसीआय पितळेच्या बुशवर डाग पाडू शकते, मिश्र धातू असतील तर तसंच सांगून फिल्म मागवा.

या पिशवीबद्दल खरी तक्रार रोलच्या साठवणीची आहे. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात उघडा पडलेला रोल हळूहळू आपलं रसायन हवेत सोडत राहतो. दिसायला नवा, कामाला निम्मा. रोल मूळ वेष्टनात, सावलीत, खालच्या मजल्यावर ठेवावा आणि उघडल्याची तारीख त्यावर लिहावी. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात ही बाब बारीक अक्षरांत होती.

शोषकांबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात. सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या पिशवीत टाकणं ही केवळ सवय आहे. 100 मायक्रॉनच्या साध्या पॉलिथिनमधून गरम दमट हवेत, म्हणजे 38 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेला, दर चौरस मीटरमागे दिवसाला साधारण 4 ते 5 ग्रॅम वाफ आत येते. पिशवीचा पृष्ठभाग 6 चौरस मीटर आणि प्रवास 45 दिवसांचा असेल तर किलोभराहून जास्त पाणी झालं. सिलिका जेल 40 टक्के आर्द्रतेला आपल्या वजनाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकं पाणी धरतं. पुड्यांनी हे पेलायचं नाही. शिवाय तेच शोषक व्हीसीआयची वाफही शोषू शकतं, म्हणून दोन्ही एका पिशवीत ठेवू नयेत. एकतर व्हीसीआय, नाहीतर ॲल्युमिनियम लॅमिनेटची सीलबंद पिशवी आणि आत मोजून शोषक. लॅमिनेटमधून वाफ नगण्य जाते, त्यामुळे पुड्यांना अर्थ येतो. ती महाग पडते, पण इलेक्ट्रॉनिक पॅनेल असलेल्या यंत्राला दुसरा पर्याय शोधू नये.

कॅल्शियम क्लोराइडच्या पट्ट्या कंटेनरसाठीच. त्या दमट हवेत स्वतःच्या वजनाहून जास्त पाणी ओढतात आणि भिंतीच्या नालीदार खाचेत बसतात, जागा खात नाहीत. 20 फुटी कंटेनरात आम्ही 1 किलोच्या 6 ते 8 लावतो, पावसाळ्यात 8. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि प्रवास 10 ते 14 दिवसांनी लांबला. जुना हिशोब तेव्हाच मोडीत निघाला. घेताना बघायचं ते एवढंच: आतलं पाणी जेल होऊन राहतं की पातळ द्रव होऊन साचतं. कॅल्शियम क्लोराइडचं पाणी पोलादाला मिठाच्या पाण्यासारखंच खातं, पट्टी फाटून ते पेटीवर गळलं तर उपायच अपाय ठरतो. पट्टीखाली उघडा धातू कधीही नको. पट्ट्या स्टफिंगच्या अगदी शेवटी पाकिटातून काढा, मग लगेच दार बंद.

आर्द्रता दाखवणारं कार्ड घेताना कोबाल्ट नसलेलं घ्या. निळ्याचं गुलाबी होणारं जुनं कार्ड कोबाल्ट क्लोराइडचं असतं, आणि युरोपातला ग्राहक ते परत पाठवतो.

पेटीनं मात्र मन जिंकलं. याआधी सात प्लायचे कोरुगेटेड खोके पॅलेटवर रचले जात. दमट हवेत, 90 टक्क्यांच्या आसपास, पुठ्ठ्याची भार पेलण्याची ताकद जवळपास निम्मी होते. त्यात खोका पॅलेटच्या कडेबाहेर दोन बोटं जरी आला तरी कोपरे काम करत नाहीत. प्लायच्या पेटीला हा त्रास नाही. कोपऱ्यांना आतून 50 बाय 50 ची पट्टी, खिळ्यांऐवजी स्क्रू, आणि शाफ्टला खाचा पाडलेली लाकडी बैठक. फोर्कलिफ्टसाठी खाली 100 मिमी मोकळी जागा.

कंटेनर भरण्याआधी आत उभं राहून दार बाहेरून बंद करायला लावा. कुठून उजेड दिसला तर तो कंटेनर घेऊ नका. मग बांधणी. सीटीयू कोडनुसार (कंटेनरात माल भरण्या-बांधण्याची आंतरराष्ट्रीय संहिता) रस्त्यावर पुढच्या दिशेनं 0.8 जी आणि खवळलेल्या समुद्रात आडव्या दिशेनं 0.8 जी एवढा झटका धरायचा, म्हणजे दर टनाला जवळपास 800 किलोचा रेटा. समृद्धीवर वेगात चाललेल्या ट्रेलरनं अचानक ब्रेक मारला की तो आपल्याच दारात जाणवतो. पेट्यांखाली रबरी घसरणरोधक चटई घातली तर निम्म्याहून जास्त काम घर्षणच करतं. बाकी पॉलिएस्टर पट्ट्यांनी आवळायचं. पॉलिप्रॉपिलिनची पट्टी काही दिवसांत ढिली पडते. कंटेनरच्या तळाच्या कडीला 1000 किलो आणि वरच्या कडीला 500 किलो एवढाच भार गृहीत धरावा.

हवेच्या पिशव्या, म्हणजे डनेज बॅग, 30 सेंटीमीटरपर्यंतच्या फटीलाच. दाराला टेकवून कधीच नाही, दार उघडणाऱ्यावर पेटी येते. उन्हाळ्यात थोडा कमी दाब भरा. सकाळी 25 अंशांना 0.2 बार भरलेली पिशवी कंटेनर 60 अंशांना तापला की 0.34 बारच्या आसपास जाते, आणि स्क्रूचं टोक बाहेर असेल तर तिथेच फुटते.

व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, छत्री आणि बाणाची चिन्हं, गुरुत्वमध्याची खूण हे सीएचए (कस्टम्स एजंट) आणि फॉरवर्डर विचारतातच, त्यावर वेगळं लिहीत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर पेटीला पाच, पिशवीला चार, पट्ट्यांना साडेतीन. उरलेला दीड गुण पट्ट्यांनी गळतीच्या भीतीपायी घालवला. दुसऱ्या कंपनीच्या जेलवाल्या पट्ट्या सध्या चालू आहेत.

प्रत्येक पेटीच्या आतल्या बाजूला जर्मन आणि इंग्रजीत एक कागद चिकटवा: पिशवी लगेच फाडू नका, पेटी गोदामात 24 तास बंद ठेवा. हिवाळ्यात थंड भाग गरम हॉलमध्ये उघडला की दहा मिनिटांत त्यावर दव धरतं, दोन दिवसांनी गंज दिसतो, आणि फोटो मात्र पॅकिंगच्या तक्रारीसोबत येतात.