सीकेवायसी पुरे, की ब्लॉकचेन हवी?

नागरी सहकारी बँकेतल्या एका मित्राला विक्रेत्याने ब्लॉकचेन-केवायसीची भुरळ घातलीय: म्हणजे केवायसी (ग्राहकाची ओळख-पत्ता तपासणी) ब्लॉकचेनवर, अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या सामायिक नोंदवहीत, ठेवायची. आहे ती सीकेवायसी (वित्तसंस्थांची सामायिक केंद्रीय केवायसी नोंदणी) ठेवावी की हे घ्यावं, अशी त्याची कुतरओढ.

खर्च: सीकेवायसीला किरकोळ शुल्क. ब्लॉकचेनला नोड (नोंदवहीची प्रत ठेवणारे संगणक), देखभाल, जाणकार माणसं. शिवाय सीकेवायसीत नोंद पाठवणं बंधनकारकच, म्हणजे दुहेरी काम.

माहितीचा भरवसा: खरी गोम इथे आहे. सीकेवायसीचा 14 अंकी क्रमांक टाकला की नोंद मिळते. पण पत्ता जुना किंवा फोटो अंधुक निघाला, की पुन्हा कागद मागा. ब्लॉकचेनवर सहसा कागद नसतो, त्याचा हॅश (फाइलवरून गणिताने काढलेला ठसा) असतो. फाइलमधलं एक अक्षर हललं तरी हॅश बदलतो, फेरफार लपत नाही. मात्र मुळात ढिसाळ तपासून चढवलेली नोंदही तितकीच पक्की बसते! आणि साखळीवरचं खोडणं जवळपास अशक्य, तर 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने ग्राहकाला माहिती पुसून घ्यायच्या हक्काची तरतूद केलीय.

जबाबदारी: दोन्हीकडे शेवटी बँकेचीच.

एकट्या बँकेला, शाखा मोजक्याच असतील तर, सीकेवायसीच बरी. त्याच त्या कंपन्या ग्राहक असलेल्या, एकमेकींच्या तपासणीवर विसंबायला तयार असलेल्या मोठ्या बँकांच्या गटाला ब्लॉकचेन परवडेल.