मुरमाड रानातली बाजरी आणि तीन खते : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

माण तालुक्यातील आमच्या रानाचा वरचा तुकडा इतका उथळ आहे की वीतभर खणले तरी मुरूम लागतो, आणि माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब जेमतेम 0.31 टक्के आला. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याचे दहा-दहा गुंठ्यांचे तीन पट्टे पाडले. एकात घरचे शेणखत टाकले, दुसऱ्यात विकतचे गांडूळखत आणि तिसऱ्यावर लेंडी-मुताच्या खतासाठी धनगरांची मेंढरे रात्री बसवली. बियाणे सगळीकडे धनशक्तीचेच होते. हे वाण संकरित नसल्यामुळे बी घरी धरता येते.

शेणखत हेक्टरी पाच टन या हिशेबाने 500 किलो टाकले. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे अडीच किलो, आणि पहिल्या हंगामात पिकाला लागू पडते ते त्यातले सुमारे तिसरा हिस्साच. हलक्या जमिनीतल्या बाजरीला हेक्टरी 40 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे या पट्ट्याला चार किलो हवे. हे गणित आधी मांडले असते, तर पंचविसाव्या दिवशी पाने पिवळी पडलेली पाहून मी गडबडलो नसतो. शिवाय उकिरड्याचा वरचा थर नीट कुजलेला नव्हता, तोही घाईत भरला गेला. ज्या कोपऱ्यात तो पडला तेथली रोपे हाताने ओढताच निघू लागली. मुळे खाल्लेली, आणि खाली हुमणीची वळलेली पांढरी अळी.

गांडूळखताबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. पाच गोण्या, 200 किलो. एक मूठ बादलीत ढवळून पाहिली, तर तळाशी वाळूचा थर बसला. विक्रेत्याकडे तक्रार केली. उत्तर मिळाले नाही.

मेंढरे दोनशेच्या आसपास होती आणि तीन रात्री बसली. धनगर वाघूर, म्हणजे मेंढरे कोंडायचे जाळे, रोज सरकवून लावत, त्यामुळे पट्ट्याचा एकही भाग कोरा राहिला नाही. लेंडीत शेणखतापेक्षा नत्र कितीतरी जास्त असते हे खरे, पण माझ्या मते खरा फरक मुताचा आहे : गोठ्यात जे वाहून किंवा उडून जाते, ते येथे थेट जमिनीत मुरते. मात्र लगेच कुळवून मातीआड केले नाही, तर उन्हात तेही उडून जाते. आम्ही चौथ्या दिवशी सकाळीच कुळव घातला. तोटाही सांगितला पाहिजे. मेंढरांनी खाल्लेल्या शेंगांचे बी लेंडीतून आले आणि खुरपणीत वेड्या बाभळीची रोपे उपटता उपटता बायकांचे हात काट्यांनी भरले.

ऑगस्टमध्ये अठरा दिवस पाऊस नव्हता, तेव्हा दुपारी तिन्ही पट्टे माना टाकत होते. शेवटी लेंडीच्या पट्ट्यात 141 किलो बाजरी झाली आणि कणसे टोकापर्यंत भरली; शेणखतात 96, गांडूळखतात 88. यंदा कोठेही नवे खत न घालता पुन्हा बाजरीच पेरली आहे, आणि महिन्याच्या पिकाकडे पाहता शेणखताचा पट्टा लेंडीच्या बरोबरीने हिरवा आहे. उरलेले नत्र आता सुटत असावे. म्हणून एका हंगामावरून शेणखताला नाव ठेवणे मला रास्त वाटत नाही.

गांडूळखत पुन्हा घेणार नाही. येत्या वैशाखासाठी धनगरांशी बोलणे झाले असून, मोबदला त्यांनी पैशात नको, याच रानातल्या बाजरीत मागितला आहे.